पाषाण कुठे उभा करायचा? नगरच्या पहिल्या मंडळीचा प्रकरण अभ्यास

मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वर्धापनदिन कसा होतो हे आपल्याला सांगायला नको. दोन महिने आधी पंचांची बैठक बसते, वर्गणीचा आकडा ठरतो, रंगकाम करणाऱ्याला बोलावणं जातं. स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायला तरुण संघातली मुलं मोटरसायकलवर फिरतात. रविवारी उपासना, बिशपांचा संदेश, जुन्या पाळकांना शाल-श्रीफळ, आणि मग मांडवात प्रीतिभोजन. स्मरणिका उघडली की पहिल्या पानावर बायबलमधलं 1 शमुवेल 7:12 हमखास असतं: एबन-एजर (साहाय्याचा पाषाण), येथवर परमेश्वराने साहाय्य केलं. त्यापुढे आमदारांचा शुभेच्छा संदेश, पाळकांची यादी, देणगीदारांची यादी आणि नव्या छपराचा फोटो. वचन पहिल्या पानावर आणि हिशेब बाकीच्या पानांवर. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, हे सहसा कुणी विचारत नाही.

तो संबंध तपासायला इथे एकच प्रकरण घेतलं आहे: अहमदनगरची पहिली मंडळी, तिची सुरुवातीची वर्षं, आणि 1881 साली तिथे झालेला पन्नासाव्या वर्षाचा समारंभ. शहराचं नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर झालं आहे. लेख जुन्या काळाचा आहे म्हणून नगरच म्हणतो. नगर हे मराठी प्रॉटेस्टंट लोकांचं माहेर. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आठवणी आजोबा-पणजोबांपर्यंत मागे नेल्या की शेवटी नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या वेशीशी येऊन थांबतात. पण हे प्रकरण निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. या मंडळीची सुरुवात इतकी वाईट झाली की ‘देवाने यश दिलं, म्हणून देव विश्वासू’ हे सोपं उत्तर तिथे टिकतच नाही.

चौघे

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 12 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, आणि बराच काळ त्यांना राहू देतात की परत पाठवतात हेच ठरत नव्हतं. राहू दिलं, तर प्रकृतीने दगा दिला. नॉट दोनेक वर्षांतच परतले. हॉल तेरा वर्षं टिकले आणि 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीवरून परतताना वाटेतच पटकीने गेले. त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार पुरा छापून झाला. हातात एक पुस्तक, काही शाळा आणि वाढत चाललेली कबरींची रांग, एवढी मुंबईतली मिळकत.

म्हणून मग देशावर जायचं ठरलं. हवा कोरडी, शहर मोठं, आणि तिथून आसपासच्या खेड्यांत जाता येईल असा विचार होता. 1831 च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅलन ग्रेव्हज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड नगरला पोचले. चौथे होते बाबाजी, मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. मिशनच्या इतिहासात बाबाजींचं नाव बहुतेक वेळा ‘सोबत’ या शब्दापाशी येतं. पण बाजारात उभं राहून मराठीत बोलायचं, लोकांच्या शंका लोकांच्याच भाषेत सोडवायच्या, शिव्या खायच्या, या सगळ्याला पुढे कोण होतं हे वेगळं सांगायला नको.

हर्वींची कथा ऐकण्यासारखी आहे. पत्नी एलिझाबेथसह ते 1831 च्या मार्चमध्ये मुंबईत उतरले. मेमध्ये ती गेली. तिला पुरून हे डिसेंबरात नगरला आले, आणि 1832 च्या मेमध्ये, म्हणजे नगरला आल्यावर पाच महिन्यांत, पटकीने गेले. ज्या निरोगी हवेच्या आशेने नगर निवडलं त्याच हवेत.

1833 च्या मार्चमध्ये नगरला रीतसर मंडळी स्थापन झाली. बाबाजींना मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणून निवडलं. एप्रिलमध्ये बाबाजी पटकीने गेले. ग्रेव्हज आधीच आजारी होऊन अमेरिकेला गेले होते. ते परत आले, पण शरीर कधी सावरलं नाही, आणि 1843 मध्ये महाबळेश्वरला त्यांचा अंत झाला. रीड 1835 मध्ये मायदेशी परतले.

आता कल्पना करा, 1833 च्या मे महिन्यात या मंडळीने स्मरणिका काढायची ठरवली असती तर तिच्यात काय छापलं असतं? एकुलता एक मराठी वडील नुकताच पुरला आहे. तीन मिशनऱ्यांपैकी एक कबरीत, एक समुद्रापार. सभासद मोजके. आणि ते सभासद तरी कोण?

पहिले सभासद

नगरमधल्या युरोपियन रहिवाशांच्या वर्गणीतून शहरात निराधारांसाठी एक आश्रम चालायचा. आंधळे, लंगडे, कुष्ठरोगी, म्हातारे, ज्यांना घर नाही किंवा घराने बाहेर काढलं आहे असे लोक तिथे असत. त्याची देखरेख मिशनऱ्यांकडे आली. रोज धान्य वाटायचं, त्याबरोबर प्रार्थना आणि दोन शब्द. नगरातल्या अगदी पहिल्या बाप्तिस्म्यांत या आश्रमातले लोक होते.

मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि वर्धापनदिनाच्या भाषणांत ती मी क्वचितच ऐकली आहे. आपल्याला पुढे धर्मांतर केलेले शास्त्री आठवतात, कवी आठवतात, प्राचार्य आणि डॉक्टर आठवतात. नावं घ्यायला छान वाटतात. पण मंडळीच्या पायाला कोण होतं, तर ज्यांच्याकडून मंडळीला काहीही मिळण्यासारखं नव्हतं असे लोक. त्यांच्यामुळे वर्गणी वाढणार नव्हती, शहरात वजन वाढणार नव्हतं, त्यांच्यातला कुणी पाळक होणार नव्हता. थोड्याच वर्षांत ते मरून गेले, आणि त्यांची घराणी नाहीत म्हणून आज त्यांच्या नावाने दगड बसवायला कुणी पुढे येत नाही.

आणि ते जेवणासाठीच आले होते, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्याकडे पुढे येतोच.

यादीबाहेरचं पीक

पुढचं सगळं इथे सविस्तर सांगत नाही. 1835 मध्ये हेन्री बॅलंटाइन आले आणि तीस वर्षं राहिले. नगरहून 1842 च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं ते त्यांच्या हाताखाली. 1865 मध्ये ते मायदेशी निघाले आणि समुद्रातच वारले. 1839 मध्ये हरिपंत खिस्तींचा बाप्तिस्मा झाला, मग रामकृष्णपंत मोडकांचा, आणि ब्राह्मण आळीत जे व्हायचं ते झालं. 1854 मध्ये या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन तेव्हा मुद्दाम पाहणीसाठी आले होते. मंडळ्यांनी आपला खर्च आपण उचलावा, आपला कारभार आपण करावा, आपली सुवार्ता आपण पसरवावी, असा त्यांचा आग्रह. इंग्रजी शाळांवरचा खर्च मात्र त्यांना पसंत नव्हता, आणि त्यावरून नगरात बरीच नाराजी उरली.

यात एका व्यक्तीपाशी थांबतो. सिंथिया फेरार 1827 च्या अखेरीस मुंबईत आल्या, 1839 मध्ये नगरला गेल्या आणि 1862 मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. अविवाहित बाईला अमेरिकेबाहेर मिशनरी म्हणून पाठवण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. मुली यायच्या आणि जायच्या. लग्न झालं की शाळा सुटली. बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत या शाळांचं फळ शोधलं तर हाती फारसं लागत नाही. पण त्या शाळा बघायला पुण्याहून एक तरुण आला होता, जोतीराव फुले. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि नगरच्या त्या शाळा पाहून आपल्याला हे सुचलं हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मंडळीच्या कुठल्याही वहीत ते नाहीत. मग देवाच्या विश्वासूपणाचा हिशेब मांडताना ते कुठल्या रकान्यात टाकायचे? माझं मत स्पष्ट आहे: ते मंडळीच्या खात्यावर ओढून घेऊ नयेत. आपल्या स्मरणिकांत ‘फुले आमच्यामुळे’ असा सूर कधी कधी लागतो तो ओशाळवाणा असतो. पेरणाऱ्याचं पीक दुसऱ्याच्या शेतात उगवलं, तर देवाचे आभार मानायचे आणि शेत ज्याचं त्याचं राहू द्यायचं.

दुष्काळ आणि भाकरी

1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा नगर त्याच्या तडाख्यात होतं. मदतीची कामं निघाली, मिशनचे लोक धान्य वाटत होते, आणि दुष्काळ ओसरल्यावर खेड्यापाड्यांतून बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या वाढली. बहुतेक महारवाड्यातले, काही मांगवाड्यातले. म्हणजे 1881 च्या समारंभाला जमलेल्या मंडळीत असे पुष्कळ लोक असणार, ज्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी आपल्या घरातलं माणूस भुकेने जाताना पाहिलं होतं. पुढे 1896-97 आणि लगेच छप्पनचा म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ आला. तेव्हा रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला शेकडो अनाथ मुलं सांभाळली. ह्यूम मुंबईतच जन्मलेले, त्यामुळे मराठी त्यांना लहानपणापासूनची.

या दुष्काळांचं काय करायचं हा प्रत्येक मराठी मंडळीपुढचा अवघड प्रश्न आहे. बाहेरचा माणूस म्हणतो: पोटासाठी बाटले. आतला माणूस चिडून उत्तर देतो: नाही, देवाने दुष्काळ वापरून आम्हाला आपल्याकडे आणलं. पहिलं बोलणं अपमानाचं आहे. दुसरं त्याहून वाईट, कारण त्यात देव आपली मंडळी भरावी म्हणून पोरंबाळं मारतो असा अर्थ निघतो. अशा देवाचे आभार कुठल्या तोंडाने मानायचे?

शास्त्रात याला तिसरं उत्तर आहे आणि ते आपल्याच हाताशी पडून आहे. रूथचं पुस्तक दुष्काळाने सुरू होतं. नामी मवाबात जाते ती भाकरीसाठी, आणि परत बेथलेहेमला निघते तीही तिकडे परमेश्वराने लोकांना अन्न दिलं असं कानावर आलं म्हणून. तिची मवाबी सून रूथ तिच्यामागे येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. रूथ पोटासाठी बाटली, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. उपाशी माणूस जिथे भाकरी मिळते तिथे जातो. तिथे त्याला भाकरीबरोबर आणखी काही मिळालं, तर त्या आणखी काहीचं मोल कमी होत नाही. वेदान्त वाचून आलेल्या शास्त्र्याचा विश्वास सोन्याचा आणि पाटीभर ज्वारीच्या वाटेने आलेल्याचा पितळेचा, असं मोजणारी तागडी आपण नेमकी कुणाकडून उचलली, हे ज्याने त्याने तपासावं.

दुसरी गोष्ट, नामी गावात शिरताना बायकांना सांगते की मला नामी म्हणू नका, सर्वसमर्थाने माझं फार कडू केलं आहे. शास्त्राने हे वाक्य गाळलं नाही. देवाच्या विश्वासूपणाच्या गोष्टीत देवावरची तक्रार जशीच्या तशी बसली आहे. आपल्या वर्धापनदिनाच्या साक्षींत तक्रारीला जागा कुठे असते? कुणी उठून म्हणालं, त्या वर्षी आम्ही प्रार्थना केली आणि तरी पोर गेलं, तर सूत्रसंचालक घाईने पुढचं गीत जाहीर करतो.

ख्रिस्ती झाल्याची किंमतही या लोकांनी चुकवली. गावकीची कामं नाकारली की बलुतं बंद, पाणवठा तसाही बंदच. आणि ही किंमत एकोणिसाव्या शतकात संपली नाही. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. घरात बायबल आणि दाखल्यावर दुसरं काही, अशी दोन आयुष्यं जगणारी कुटुंबं कुठल्या मंडळीत नाहीत? सगळ्यांना माहीत असतं, आणि स्मरणिकेत एक ओळ नसते. का नसते हे मी समजू शकतो. पण मग निदान ‘शंभर वर्षं अखंड आशीर्वादाची’ असं तरी छापू नये.

तारीख कुठली धरायची

1881 साली नगरला पन्नास वर्षांचा समारंभ झाला. त्या निमित्ताने वाचलेले निबंध पुढच्या वर्षी मुंबईत पुस्तकरूपाने छापून निघाले. पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्याच्या नावात मिशन आहे, मंडळी नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ते पुस्तक म्हणजे खजिना. अशी नोंद ठेवणारे लोक नसते तर हा लेखही लिहिता आला नसता. तरी एक गोष्ट नजरेत भरते. 1881 मधून पन्नास वजा केले की 1831 येतं, म्हणजे मिशनरी येऊन पोचले ते वर्ष. मंडळी स्थापन झाली 1833 ला.

दोन वर्षांचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटेल. मला तो सगळ्या प्रकरणाचा सांधा वाटतो. 1831 धरलं की गोष्ट येणाऱ्याची होते: बोटीतून उतरले, बैलगाडीने आले, शाळा काढल्या. 1833 धरलं की गोष्ट जमलेल्यांची होते: बाबाजी, आश्रमातले ते निराधार, आणि पहिल्यांदा एका भाकरीतून तोडून खाणारे वेगवेगळ्या जातींचे लोक. आणि 1854 धरलं, ज्या वर्षी मराठी पाळक उभे राहिले, तर गोष्ट आणखी वेगळी. स्थापनेपासून एकवीस वर्षं मंडळीला आपल्या भाषेचा पाळक नव्हता, हेही मग मान्य करावं लागतं. मंडळी कुठली तारीख पाळते यावरून तिच्या गोष्टीतला नायक ठरतो.

गावोगावच्या मंडळ्यांत हेच लहान प्रमाणात घडतं. वर्धापनदिन बहुधा देवळाच्या कोनशिलेवरून ठरतो, कारण तारीख दगडावर कोरलेली असते आणि वाचता येते. त्याआधी दहा-पंधरा वर्षं लोक कुणाच्या तरी ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात, भजन करत जमत होते. ती ओसरी पडून गेली, आणि तिच्याबरोबर ती वर्षंही.

मिशनच्या बाजूने एक सांगायला हवं. अमेरिकेतून आलेल्या लोकांनी आपल्या चुका आणि आपसांतले वाद लिहून ठेवले, ते लपवले नाहीत. आपण मराठी माणसांनी कारभार हातात घेतल्यावर ही सवय मात्र उचलली नाही. 1924 मध्ये उत्तर हिंदुस्थानातली संयुक्त मंडळी झाली, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. या वाटाघाटींत आपल्या मंडळीत कोण बाजूने होतं, कोण विरोधात, कोण उठून गेलं, हे किती मंडळ्यांच्या वह्यांत सापडतं? जमिनीचे आणि विश्वस्तपदाचे वाद कोर्टात गेलेल्या मंडळ्या महाराष्ट्रात थोड्या नाहीत. त्याही दर वर्षी वर्धापनदिन करतात, आणि संदेश एकीवर असतो.

पराभवाची जागा

पुन्हा पहिल्या पानावरच्या वचनाकडे येतो. 1 शमुवेलाच्या सातव्या अध्यायात शमुवेल मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये पाषाण उभा करतो आणि त्याला एबन-एजर म्हणतो. हे आपल्याला पाठ आहे. पण तीनच अध्याय मागे गेलं तर चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात इस्राएल लढाईसाठी तळ देतं ते एबन-एजरपाशी. तिथे काय होतं? आधी चार हजार माणसं पडतात. मग कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची पवित्र पेटी, छावणीत आणतात, एवढा जयघोष होतो की जमीन दणाणते, आणि त्यानंतर तीस हजार पडतात. कोश शत्रूच्या हाती जातो. याजक एलीचे दोन्ही मुलगे मरतात, बातमी ऐकून एली आसनावरून कोसळतो, आणि त्याची सून मरतामरता बाळाचं नाव ईखाबोद, म्हणजे ‘वैभव गेलं’, असं ठेवते.

म्हणजे वाचणाऱ्याच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडतं ते पळापळीच्या आणि प्रेतांच्या बातमीत. मध्ये वीस वर्षं जातात. मग शमुवेल लोकांना बोलावतो, आणि ते आधी उपास करतात, आम्ही पाप केलं असं कबूल करतात, पाषाण त्यानंतर. ज्या नावाने लोकांच्या काळजात धस्स व्हावं तेच नाव त्याने आभाराच्या दगडाला दिलं. जयघोष पहिल्या वेळीच मोठा होता, मात्र त्या वेळी कबुली नव्हती.

नगरच्या प्रकरणाला हे लावून पाहा. दगड कुठे उभा करायचा? मला विचारलं तर 1833 च्या एप्रिलपाशी. ज्या महिन्यात मंडळीचा एकमेव मराठी वडील गेला आणि तरी पुढच्या रविवारी आश्रमातल्या त्या लोकांबरोबर प्रार्थना झाली असणार, त्या जागी. तिथे उभं राहून ‘येथवर’ म्हटलं तर त्याला वजन येतं. पन्नास वर्षांनंतर शाळा, छापखाना, अनेक मंडळ्या उभ्या राहिल्यावर तोच शब्द खोटा होत नाही, पण स्वस्त होण्याची भीती असते. उद्या शाळा बंद पडली, अनुदान थांबलं, पोरं पुण्याला नोकरीला गेली आणि रविवारी वीस डोकी उरली, तर देव विश्वासू राहिला नाही असं म्हणायचं का? ज्या मंडळ्यांत आज नेमकं हेच घडतं आहे, त्यांना 1881 पेक्षा 1833 जास्त कामाचं आहे.

स्तोत्रसंहितेत इतिहास सांगणारी मोठी स्तोत्रं आहेत, त्यांतली दोन म्हणजे 78 आणि 106. दोन्हींत देवाची कृत्यं आणि बापजाद्यांचा हट्ट एकमेकांत विणलेले आहेत. एक धागा ओढला तर दुसरा सुटतो. 78 तर म्हणतं की हे मुलांपासून लपवायचं नाही, त्यांनी आपल्या बापांसारखं हट्टी होऊ नये म्हणून सांगायचं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेला शेतकरी आपल्या मेहनतीबद्दल चकार शब्द काढत नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गेला, आम्हाला छळलं, आम्ही ओरडलो, इथून तो सुरुवात करतो. आमच्याकडे अहवाल-वाचन ‘मंडळीच्या स्थापनेचं श्रेय’ इथून सुरू होतं.

कीर्तनाची वाट

मग आठवण कशी करायची? याचं उत्तर नगरनेच देऊन ठेवलं आहे, आणि ते अहवालात नाही. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते याच भागात. पूर्वरंगात वचन आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. हातात झांज, साकी-दिंडी-ओवीत कथा. खेड्यातला माणूस, ज्याला अक्षर येत नाही, तो रात्रभर बसून ऐकायचा आणि सकाळी अर्धं आख्यान त्याच्या तोंडी असायचं. पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन कवी नारायण वामन टिळक नगरला आले, आणि मराठी मंडळीच्या तोंडी तिचीच भाषा आली. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही चालत. ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली त्यांची नातवंडं आज दर रविवारी टिळकांची पदं गातात. हाही विश्वासूपणाचाच एक नमुना म्हणायचा, थोडा खोडकर.

कीर्तनात एक सोय आहे जी स्मरणिकेत नाही. कीर्तनकाराला आख्यानातलं दुःख गाळता येत नाही. गाळलं तर कथा उभीच राहत नाही. हरिश्चंद्राचं आख्यान स्मशान वगळून कोण ऐकेल? वर्धापनदिनाच्या संध्याकाळी पूर्वरंगाला 1 शमुवेल 4 ते 7 घ्यावं आणि उत्तररंगाला आपल्याच मंडळीची गोष्ट: पहिला बाप्तिस्मा कुणाचा, पटकीच्या साथीत कोण गेलं, दुष्काळात काय खाल्लं, देऊळ बांधायला विटा कुणी वाहिल्या, भांडण कशावरून झालं आणि कुणी मिटवलं. नावं घ्यायची, फक्त जिवंत माणसांच्या भांडणात नावं टाळायची एवढं तारतम्य कीर्तनकाराला असतंच.

उपासनेचा क्रमही थोडा हलवावा असं मला वाटतं. कबुलीची प्रार्थना आपल्याकडे छापील असते आणि दीड मिनिटात उरकते. वर्धापनदिनी ती मंडळीच्या स्वतःच्या पापांची असावी: त्या वर्षी मांगवाड्यातल्या कुटुंबांना आपण मागच्या बाकांवर बसवलं, त्या विधवेच्या जमिनीच्या वादात आपण गप्प बसलो, अशी. आभार त्यानंतर. पाळकांना हे एकट्याने करणं अवघड आहे, कारण दुसऱ्या दिवशी पंचांच्या बैठकीला त्यांनाच बसायचं असतं. तेव्हा पुढाकार मंडळीतल्या वयस्कर माणसांनी घ्यावा.

2031 की 2033

नगरला मिशनरी येऊन 2031 च्या डिसेंबरमध्ये दोनशे वर्षं होतील. मंडळीला 2033 च्या मार्चमध्ये. कुठली तारीख मोठी धरायची यावर चर्चा होईल, आणि बहुधा जी आधी येते तीच धरली जाईल, कारण पाहुणे अमेरिकेहून बोलावणं सोपं जातं आणि समित्यांना घाई असते. माझं मत 2033 ला.

तारीख कुठलीही ठरो, काम आत्ताच सुरू करावं लागेल आणि ते मांडवाचं नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांची पानं वाळवीने खाल्लेली असतात. आधी त्यांचे फोटो काढून घ्यायला हवेत, मग नावांची यादी. पाळकांच्या यादीआधी पहिल्या दहा वर्षांच्या सभासदांची यादी छापावी, नुसतं एकेरी नाव असलं तरी, आणि शेजारी ‘आंधळा’ किंवा ‘आश्रमातली म्हातारी’ एवढंच लिहिलेलं असलं तरी. आणि 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढलेली, त्या वर्षी देवळात काय प्रार्थना होत होती हे आठवणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तरुण संघातल्या ज्या मुलांना जाहिराती गोळा करायला पाठवतो, त्यांच्याच हाती मोबाइल देऊन या लोकांकडे पाठवावं. प्रश्न एकच पुरे: तेव्हा देव कुठे होता असं वाटलं? उत्तर तक्रारीचं आलं तर तेही तसंच उतरवून घ्यावं.